परबबायची चार चाकं

आजाऱ्याच्या कपाळाला मी हाताची पाठ लावते. तळहातापेक्षा पाठीला ताप लवकर कळतो, असं मला शिकवणाऱ्या मेट्रनचं मत होतं. ही सवय मी आणखी एकाच माणसात पाहिली, आणि त्या माणसाचा औषधपाण्याशी काही संबंध नव्हता. गोव्यात सुर्लाच्या आमच्या लोखंडाच्या खाणीवर खनिजाचा टिपर ट्रक भरून-रिकामा होऊन आवारात उभा राहिला, की टायरच्या शेडमधून परबबाय बाहेर यायच्या. पदर कमरेला खोचायच्या आणि एकेका चाकाला उजव्या हाताची पाठ लावत गाडीभोवती फिरायच्या. मधेच थांबायच्या, मान तिरकी करायच्या, पुन्हा हात लावायच्या. मग ड्रायव्हरला सांगायच्या, "आतल्या चाकात हवा कमी आसा रे. बाहेरचां एकट्यान वजन ओढता."

ड्रायव्हर हवा तपासायचा. कमीच असायची.

मी मये गावची. खाणीच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा परबबाय तिथे आठ-नऊ वर्षं जुन्या झालेल्या होत्या. मूळच्या दोडामार्गाकडच्या. तात्पुरती क्लार्क म्हणून त्यांना घेतलं होतं. टायरचं स्टोअर त्यांच्या वाट्याला आलं, कारण ऑफिसातल्या कुठल्याच पुरुष क्लार्कला त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं नव्हतं. उन्हाळ्यात आत भट्टी, पावसात पत्र्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये, आणि बारा महिने रबराचा वास. बाईला चार दिवसांत कंटाळा येईल आणि ती आपणहून टेबल मागायला येईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. परबबाय गेल्या नाहीत. त्यांनी शेडचं दार रुंद करून घेतलं, प्रत्येक टायरवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला आणि कोणता टायर कुठल्या गाडीच्या कुठल्या बाजूला किती दिवस धावला ते एका वहीत लिहायला घेतलं.

बाई जेमतेम पाच फूट. अंगाने काटकुळी. केसांत अबोलीचा वळेसर, तळहाताच्या रेषांत कधीच न निघणारा काळा रंग, आणि गळ्यात शिंप्याची टेप. त्यांची आई डिचोलीत भाड्याच्या खोलीत शिवणकाम करायची, तिच्या मशीनवरची जुनी टेप त्यांनी उचलून आणली होती. त्या टेपेने त्या टायरचा घेर मोजायच्या. चाकाभोवती टेप गुंडाळताना त्या इतक्या तल्लीन होत, की कुणी पोरीच्या परकराचं माप घेतंय असं वाटावं. ड्रायव्हर लोकांनी त्यांना 'टेपबाय' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एकाच्या तोंडून त्यांच्यासमोरच निसटलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "टेपबाय तर टेपबाय. पण घेर किती भरलो ता सांग."

टायरवर बसलेलं त्यांना खपायचं नाही. दुपारी भाकरी सोडायला ड्रायव्हरांना टायरची चवड सोयीची वाटे. परबबाय लांबूनच ओरडायच्या, "बसाक बाकडां आसा!" स्वतः त्या शेडच्या उंबऱ्यावर बसून खायच्या. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सकाळी घेतलेला उंडो, त्या गोल पावात घरून आणलेली सुकी भाजी. अर्धा उंडो खाऊन झाला की उरलेला कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि चार वाजता चहाबरोबर संपवायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आख्खा उंडो एका वेळी खाताना पाहिलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणाच्या तयारीनेच. त्या पावसाळ्यात खाणीवर मलेरियाचे आजारी वाढले होते. डॉक्टरांनी मला आवारात डासांच्या अळ्या शोधायला पाठवलं. टायर म्हणजे पाणी, पाणी म्हणजे अळ्या, हे मी शिकून आलेले. तेव्हा मी सरळ टायरच्या शेडकडेच निघाले, काय काय सुनवायचं ते मनात जुळवत. शेडमागे ठेवलेल्या जुन्या टायरांत मी वाकून पाहिलं. एकात थेंब नाही. दुसऱ्यात नाही. सगळे आडवे न ठेवता उभे लावलेले, वर ताडपत्री, आणि अगदी टाकाऊ होते त्यांना खालून भोकं पाडलेली. मी एकूण एक टायर तपासला. परबबाय दारात उभं राहून बघत होत्या.

"सिस्टर," शेवटी त्या म्हणाल्या, "डास होये असले तर वर्कशॉपच्या मागल्या पिपांत बघा. हंय तुमका गावूचे नाय."

वर्कशॉपमागच्या पिपांत अळ्या वळवळत होत्या. त्या दिवसापासून चार वाजताचा चहा मी टायरच्या शेडमध्ये प्यायला लागले.

परबबाय फार बोलत नसत. बोलल्या तर टायरवर. टिपरला मागे जोडचाकं असतात, एकाला चिकटून एक. एक फाटलं की फक्त तेवढंच बदलायचं, ही सगळीकडची रीत. परबबायच्या शेडमध्ये ती रीत नव्हती. नव्या टायरच्या जोडीला झिजलेला टायर द्यायला त्या साफ नकार द्यायच्या. "नवां मोठां, जुनां बारीक," त्या मला समजावायच्या. "दोघांक एकाच दांड्यार बांधलां. मोठां सगळां वजन घेता, बारीक नुसतां फरफटता. म्हयन्याभरात दोन्ही फुकट." त्यासाठी त्या झिजलेल्या टायरला तेवढाच झिजलेला जोडीदार शोधायच्या. वही उलटायच्या, टेप लावायच्या, कधी अर्धा दिवस घालवायच्या. ड्रायव्हर कंटाळून बाहेर विडी ओढत बसायचा. पण त्यांच्या गाड्यांचे टायर वाटेत फुटायचे नाहीत, हेही त्याला ठाऊक असे.

"टायर खोटां बोलना नाय," असं त्या म्हणायच्या. माणसं बोलतात का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग दवाखान्याला नवी गाडी आली. आधी आमच्याकडे जुनी जीप होती. ही नवी गाडी वेगळी होती. हिची चारही चाकं इंजिनाला जोडलेली, आणि तीही कायमची. जीपमध्ये चिखल आला की ड्रायव्हर दांडा ओढून पुढची चाकं जोडायचा, रस्त्याला लागला की सोडवायचा. हिला तसला दांडाच नव्हता. खालच्या पिटात, म्हणजे खाणीच्या खड्ड्यात, माणूस जखमी झाला तर लाल चिखलाचा चढ चढून त्याला वर आणता यावं, म्हणून हेड ऑफिसने मुद्दाम ती घेतली होती. मागची सीट काढून स्ट्रेचरची सोय केली. ड्रायव्हर म्हणून नामदेव आला.

नामदेव पेडण्याकडचा. चाळिशीचा, शांत, गाडीच्या आरशाला रोज झेंडूचं एक फूल लावणारा. स्ट्रेचरवर माणूस असला की तो खड्ड्यांतून अशी गाडी काढायचा, की मला सलाईनची बाटली धरायला त्रास पडू नये.

पहिलं वर्ष छान गेलं. मग एके दिवशी क्रशरजवळच्या धारदार दगडांनी गाडीचे पुढचे दोन्ही टायर फाडले. ही गाडी हेड ऑफिसच्या ताब्यातली, तिचे टायर परबबायच्या शेडमधून जात नसत. वर्कशॉपच्या फोरमनने, शिरोडकरांनी, पुढे दोन कोरे टायर बसवले. मागचे दोन वर्षभर धावलेले, तसेच ठेवले. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. पुढचे टायर काळेभोर चकाकत होते, आणि मला तर गाडी नटल्यासारखी वाटली.

तीनेक आठवड्यांनी गाडी घुमायला लागली. खालून एकसारखा हुंकार. वळण घेताना गाडी अडखळायची, जसं कुणी मागून धरून ठेवलंय. नामदेवने दोनदा वर्कशॉपमध्ये सांगितलं. नवी गाडी आहे, सवय होईल, असं उत्तर आलं. आणि एका दुपारी, पायावर दगड पडलेल्या एका कामगाराला घेऊन आम्ही पिटातून वर येत असताना, जळका वास आला, खाली काहीतरी करकरलं आणि गाडी अर्ध्या चढावर उभी राहिली. मागून आलेल्या टिपरच्या केबिनमध्ये त्या माणसाला आम्ही चौघांनी उचलून चढवलं. प्रत्येक हिसक्याला तो ओरडत होता. तो वाचला, पायही वाचला. पण ते ओरडणं माझ्या कानांतून बरेच दिवस गेलं नाही.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे ताकद वाटणारा जो डबा असतो, तो आतून भाजून गेला होता. नवा डबा बसवला. दोन आठवड्यांत तोही घुमायला लागला. आता मात्र कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं, आणि नाव घेतलं गेलं नामदेवचं. त्याला गाडी समजत नाही, तो चिखलात नुसता पाय दाबून धरतो, जखमी माणूस आत असताना त्याने निष्काळजीपणा केला, असा कागद तयार झाला. सोमवारी मॅनेजरसाहेब स्वतः चौकशीला येणार होते. कामावरून काढतील हे सगळे धरूनच चालले होते.

नामदेव दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. "मी कायच करूक नाय सिस्टर," तो म्हणाला. "गाडी आपणच जड जाता. पण ह्या कोणाक सांगू? जखमी माणसाक वाटेत टाकल्यान, असां गावात म्हणतत."

मी त्याला घेऊन टायरच्या शेडमध्ये गेले. खरं तर कुठे जायचं हेच सुचत नव्हतं म्हणून गेले.

परबबायनी सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला. "टायर कोणी बदलले?"

त्या उठल्या आणि गाडी उभी होती तिथे गेल्या. आधी पुढच्या चाकाला टेप लावली, मग मागच्या. आकडे वाचून त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. मग उकिडव्या बसून गाडीखाली हात घातला आणि त्या मधल्या डब्याला हाताची पाठ लावली. नामदेवने गाडी जेमतेम दवाखान्यापासून तिथवर आणली होती. परबबायनी हात झटकन मागे घेतला.

"ह्येका ताप इलोसा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन परबबाय मयेला माझ्या घरी आल्या. बसने, भर उन्हात. माझ्या ओसरीवर बसून आम्ही दोघींनी ते पुस्तक पान न पान वाचलं. अडेल तिथे मी माझ्या मुलीची डिक्शनरी उघडायची. दुपारी तीनच्या सुमाराला, हवा भरण्याच्या सूचनांच्या खाली, बारीक अक्षरात ती ओळ सापडली. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, नाहीतर गाडीच्या यंत्रणेला इजा होईल. परबबायनी मला ती तीनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ह्या वाचून दाखवलां तर म्हणतीत, पुस्तकात काय, कायय लिवतत. तेंका डोळ्यांनी दाखवूक होयां."

सोमवारी वर्कशॉपच्या आवारात माणसं जमली. मॅनेजरसाहेब, फोरमन शिरोडकर, ऑफिसातले दोघे, आणि कामाला सुट्टी नसतानाही कसे कोण जाणे पंधरा-वीस ड्रायव्हर. नामदेव हात बांधून बाजूला उभा. कागद वाचायला सुरुवात होणार एवढ्यात परबबाय पुढे आल्या.

"साहेब, दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या. साहेबांशी त्या पुस्तकी मराठीत बोलायच्या. "मग काय लिहायचं ते लिहा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

परबबायनी खडू घेतला. चारही चाकांच्या बाजूवर, बरोबर जमिनीला टेकतं तिथून वर, एक एक जाड पांढरी रेघ ओढली. चारही रेघा खाली तोंड करून. मग त्या ड्रायव्हरांकडे वळल्या. "गाडी न्यूट्रलात आसा. सगळ्यांनी ढकला. सरळ काट्यापर्यंत. सावकाश."

वर्कशॉपपासून वजनाच्या काट्यापर्यंत सत्तरेक मीटर असेल, सपाट. आठ-दहा जणांनी खांदा लावला. नामदेव स्टिअरिंगला. गाडी निघाली. "गो बाय, जड कित्याक इतकी?" एकजण धापा टाकत म्हणाला. परबबाय गाडीच्या बाजूने चालत होत्या, नजर चाकांवर. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत पुढची रेघ आणि मागची रेघ जवळजवळ एकदमच वर येत होत्या. मग मागची थोडी आधी यायला लागली. काट्याच्या निम्म्या वाटेवर मागची रेघ पाव फेरी पुढे गेली होती. चालणाऱ्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी "अरे!" म्हणालं. मॅनेजरसाहेबही आपोआप गाडीच्या बरोबरीने चालायला लागले होते.

"थांबा!" परबबाय ओरडल्या.

पुढच्या दोन्ही चाकांवरची रेघ खाली जमिनीला टेकली होती. मागच्या दोन्ही चाकांवरची रेघ वर, आकाशाकडे तोंड करून उभी होती.

सगळे आळीपाळीने पुढची आणि मागची चाकं बघत होते.

"पुढचे टायर कोरे, म्हणून घेर मोठा," परबबाय म्हणाल्या. "मागचे झिजलेले, घेर लहान. इथपासून तिथपर्यंत यायला मागच्यांना अर्धी फेरी जास्त मारावी लागली. एवढ्याशा अंतरात. साहेब, ही गाडी डिचोलीला जाऊन येते तेव्हा किती फेऱ्या होत असतील? पुढचे आणि मागचे एकमेकांशी जमत नाहीत, आणि मधला डबा दोघांना धरून ठेवतो. तो दिवसभर भाजत असतो. नामदेवने पाय दाबला काय आणि नाही दाबला काय."

शिरोडकर पुढे झाले. "पण जिपीक आमी सदांच असेच टायर घालताले. कधी कायच जालें ना."

"जिपीला दांडा होता, फोरमन," परबबाय त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. "चिखलात तुम्ही चारही चाकं जोडायचात. चिखलात चाक घसरतं, तिथे फरक निसटून जातो. रस्त्यावर आलात की सोडवायचात. ह्या गाडीला सोडवताच येत नाही. तुमची पण चूक नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

मग त्यांनी पुस्तकातली ती ओळ साहेबांपुढे धरली.

साहेबांनी ती वाचली. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकावरच्या रेघेपाशी वाकून बोट फिरवलं. आणि हातातला कागद मधोमध फाडून खिशात टाकला. "नामदेव," ते म्हणाले, "चारही टायर एकसारखे बसेपर्यंत ही गाडी हलवायची नाही. आणि आजपासून हिचे टायर परबबायच्या शेडमधून जातील."

ड्रायव्हरांनी जो गलका केला, तो ऐकून ऑफिसातली माणसं खिडक्यांत आली. कुणीतरी नामदेवला उचललं. नामदेव रडत होता आणि हसतही होता. परबबायला उचलायची कुणाची हिंमत झाली नाही. त्या आपल्या शेडमध्ये जाऊन वहीत नवं पान उघडून बसल्या होत्या. त्या दिवशी चार वाजता मी गेले तेव्हा त्यांनी मला उरलेल्या उंड्यातला अर्धा तुकडा दिला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. टेपबाय हे नावही त्या दिवसानंतर मी ऐकलं नाही.

यानंतरची गोष्ट डिचोलीतले लोक अजून हसत सांगतात. चार एकसारखे टायर बसले, डबा बदलला, गाडी लोण्यासारखी धावायला लागली. आठेक महिन्यांनी एका टायरला बाजूने चीर पडली. बाकीचे तीन निम्मे झिजलेले. तेवढाच झिजलेला चौथा कुठे मिळेना. परबबायनी शेड उलटीपालटी केली, पणजीपर्यंत निरोप धाडले. शेवटी एक कोरा टायर टिपरमध्ये घालून त्या डिचोलीला शाणूच्या रिमोल्डच्या कारखान्यात गेल्या. शाणू जुन्या टायरांची वरची साल यंत्रावर खरवडायचा आणि त्यावर नवं रबर चढवायचा. मी बाजाराला निघाले होते, म्हणून त्याच टिपरने गेले.

शाणूने टायर पाहिला. "ह्यो तर कोरो."

"होय. ह्येची वरची साल काढ. मी सांगीन थंयसर."

शाणू कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "बाय, लोक माझ्याकडे जुने टायर नवे करूक हाडतत. तू नवो जुनो करूक हाडलंस?" त्याने आतल्या माणसांना हाका मारल्या. सगळे आले. हसून हसून एकाला खोकला लागला.

परबबाय हसणं संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "झाला? आता यंत्र चालू कर."

यंत्र फिरायला लागलं. कोऱ्या टायरवरून काळा भुसा उडत होता. दर थोड्या वेळाने परबबाय यंत्र थांबवायला लावायच्या, टेप गुंडाळायच्या, "आजून," म्हणायच्या. पाचव्या वेळी त्यांनी हात वर केला. माप बाकीच्या तिघांशी जुळलं होतं. त्यांनी टायरवरचा भुसा हाताने झाडला आणि मला हळूच म्हणाल्या, "खरां सांगू सिस्टर? नव्याची साल काढताना माझ्या पोटात तुटत होता."

तो टायर बाकीच्या तिघांबरोबर बसला आणि चौघेही एकदमच झिजून एकाच दिवशी उतरले. शाणू नंतर स्वतःहून लोकांना विचारायला लागला, "चारही चाकांची गाडी? मग आधी घेर मोजूया."

ते उतरायच्या आधी, त्याच टायरांवर आम्ही श्रावणातला एक दिवस काढला. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. खालच्या पिटात पाणी चढत होतं आणि पंपावरचा माणूस, गोविंद, पंप सरकवताना पाय घसरून पंपाच्या पात्याच्या तोंडाशी पडला. मांडी फाटून उघडी पडली. वरून दोन टिपर खाली जायला निघाले आणि दोन्ही पहिल्याच वळणावर चिखलात रुतले. नामदेवने मला विचारलंही नाही. मी बॅग घेऊन बसले आणि आम्ही खाली उतरलो.

गोविंदच्या मांडीला मी घट्ट पट्टा आवळला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला आत घेतलं. आता वर जायचं होतं. समोर चढ, चढावरून लाल पाण्याचा लोट खाली येतोय, आणि वरच्या वळणावर दोन टिपर तिरके अडकलेले. मधे एका गाडीपुरती वाट.

"सिस्टर, धरून बसा," नामदेव म्हणाला. "थांबलो तर पुन्हा सुटूचो नाय."

तो थांबला नाही. गाडी एकदा डावीकडे घसरली, आणि मग चारही चाकांनी एकदम पकडलं. मला ते खालून जाणवलं, पायांना. चौघांनी मिळून एका दमात उचलल्यासारखं. टिपरच्या कडेला घासत आम्ही वळण काढलं. वर पोचलो तर काट्यापाशी अख्खी खाण उभी होती, छत्र्या, प्लास्टिकं, काहीजण नुसतेच भिजत. नामदेवने हॉर्नवरून हात काढलाच नाही. गर्दीने बाजू दिली. कडेला परबबाय उभ्या होत्या, केसांतली अबोली पावसाने विस्कटलेली. आम्ही समोरून गेलो तेव्हा त्या आमच्या तोंडांकडे बघत नव्हत्या. चाकांकडे बघत होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात आनंदाने वर गेलेले होते.

गोविंद दोन महिन्यांनी चालत कामावर आला. घरच्या केळ्यांचा घड घेऊन तो टायरच्या शेडमध्ये गेला. परबबाय संकोचून म्हणाल्या, "माका कशाक? नामदेवाक दी. सिस्टराक दी." गोविंद घड ठेवून निघून गेला. परबबायनी तो ड्रायव्हरांत वाटला. त्या दिवशी एकजण टायरच्या चवडीवर बसून केळं खात होता, आणि परबबायनी त्याला उठवलं नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या. नंतर खाणीही बंद पडल्या आणि माणसं पांगली. परबबाय पेडण्यात केरीला भाचीकडे राहायला गेल्याचं कळलं होतं. भाचीने समुद्राजवळ चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. एकदा मुलीबरोबर तेरेखोलला निघाले असता केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होते. गाड्यांची रांग लागली होती. फेरी आली, बोटीचा लोखंडी उतार खाली पडला. इतर गाड्या चढल्यावर रांगेतली शेवटची, एक छोटी पांढरी गाडी, रिव्हर्समध्ये मागे मागे येत बोटीवर चढायला लागली. खलाशी हात हलवून इशारे करत होता. बऱ्याच जणांना इथे दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागतं. ही गाडी सरळ रेषेत, एका झटक्यात आत गेली आणि कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. खलाशाने अंगठा वर केला.

स्टिअरिंगमागे परबबाय होत्या. केस पांढरे, चष्मा जाड, पाठ ताठ.

आम्ही चालत बोटीवर चढलो आणि मी धावतच त्यांच्या खिडकीशी गेले. "तुम्ही? गाडी?"

"लायसन गावलां," त्या म्हणाल्या. "गेल्याच म्हयन्यात. इतकी वर्सां टायरांत काढलंय, पण गाडी चालवूक कधी शिकलंय नाय. भाची म्हणाली, मावशे, आता शीक." त्यांचे डोळे चमकत होते. "आज पयल्यांदाच एकटी भायर पडलंय."

"कुठे निघालात?"

"खंय म्हणजे? पलीकडे," त्या म्हणाल्या. "मगे रस्तो जाता थंयसर."

पलीकडचा धक्का जवळ आला. साखळ्या खडखडल्या, उतार टेकला. मी बाजूला झाले. परबबायनी समोर बघितलं, गाडी चालू केली आणि सगळ्यांच्या आधी उतारावरून वर गेल्या. निरोपाचा हात हलवायला त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. चढ संपून रस्ता किल्ल्याकडे वळतो, तिथे त्यांनी न चुकता इंडिकेटर दिला आणि वळल्या.